बाभळीचा काटा, व्हॉलट्यूब आणि सातवीचा वर्ग: एक प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं. मी तिथं सातवीला विज्ञान आणि गणित शिकवतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण इथल्या लेकरांचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि त्यांच्या गरिबीवर कुणी काही बोललेलं मला खपणार नाही. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या भरायला लागतात, दिवाळीपर्यंत अर्धं गाव रिकामं होतं, नवराबायको मिळून एक कोयता असा हिशोब असतो आणि लेकरं एकतर त्यांच्यासोबत कारखान्यावर जातात, नाहीतर आजीजवळ राहतात, थोडी हंगामी वसतिगृहात. त्या वर्षी माझ्या वर्गाच्या पटावर 33 होते आणि त्यातले 19 जाणार हे मला जूनमध्येच माहीत होतं. परत येणार ते गुढीपाडव्याच्या आसपास, कुणी त्याच्याही नंतर.

प्रश्न साधा होता. जे लेकरू चार-पाच महिने कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहणार त्याच्याजवळ विज्ञानातलं काय टिकेल? वही टिकत नाही, तिचा कागद चुलीला लागतो, आणि त्यात आईची काही चूक नाही. पुस्तक पेटीच्या तळाशी जातं ते गावाकडं आल्यावरच निघतं. लेकरू स्वतःहून जे सांभाळतं ते म्हणजे खेळणं. म्हणून मी साध्या सामानातून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांकडं वळलो, त्यांचं काम मला डीएडला असल्यापासून माहीत होतं पण वर्गात पद्धतशीर कधी केलं नव्हतं.

त्यांच्याबद्दल आधी थोडं सांगतो, कारण माझं पुढं काय चुकलं ते त्याशिवाय कळणार नाही.

गुप्ता मूळचे उत्तर प्रदेशातल्या बरेलीचे, जन्म 1953 चा. आयआयटी कानपूरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं, 1975 ला बाहेर पडले आणि पुण्याला टेल्कोत लागले, जिथं ट्रक बनतात. आता आमच्याकडं ज्या घरातलं पोरगं पुण्याला नाहीतर वाळूजला कंपनीत पर्मनंट झालं त्या घराची काय पत वाढते ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही, सोयरीक घेऊन लोक स्वतः चालत येतात. आणि या माणसानं 1978 ला त्या नोकरीतून वर्षभराची सुट्टी काढली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गेला, खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायला. कानपूरला शिकत असताना त्यांनी अनिल सद्गोपाल यांचं भाषण ऐकलं होतं. सद्गोपाल म्हणजे मोठ्या संस्थेतलं संशोधन सोडून खेड्यात गेलेला शास्त्रज्ञ, आणि ते भाषण यांच्या मनात बसलं होतं. पुढं टेल्को कायमची सुटली.

होशंगाबादचं काम 1972 ला सुरू झालेलं, किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी 16 सरकारी शाळा घेऊन सुरू केलं. तिथं विज्ञान पाठ करायचं नसायचं, लेकरांनी हातानं करून बघायचं, आणि सामान असं की जे त्या खेड्यात मिळतं. फुलाचे भाग सुटे करून बघायला लॅबमधली सुई कुठून आणणार, म्हणून बाभळीचा काटा घेतला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर बसलेलो होतो आणि समोर बांधाला बाभळच होती.

गुप्ता तिथं आठवडी बाजार फिरायचे. बांगड्या, आरसे, टाचण्या, सुया, सायकलचे बारीकसारीक पार्ट, जे दिसेल ते थोडं थोडं विकत घ्यायचं आणि खोलीवर आणून बघायचं की ह्याचं काय होतं. त्यातून त्यांना सायकलची व्हॉलट्यूब आणि काड्यापेटीची काडी यांची जोडी सापडली. व्हॉलट्यूब म्हणजे ट्यूबच्या व्हॉलवर चढवायची ती बारीक काळी रबरी नळी. तिचा बोटाच्या अर्ध्या पेराएवढा तुकडा कापायचा, दोन्हीकडून एकेक काडी खुपसायची, रबर काडीला घट्ट धरतं आणि तरी जोड पाहिजे तसा वाकतो. तिसरी काडी पाहिजे तर नळीला आडवं भोक पाडून त्यात ती खुपसायची, त्याहून जास्त पाहिजेत तर त्या भोकातून दुसरी नळी आरपार ओवायची. एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घन, पिरॅमिड, घर, पूल सगळं उभं राहतं. मला हे त्यांच्या सगळ्या खेळण्यांत जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण इथं इंजिनिअरची नजर दिसते. साध्या माणसाला काडी दिसली असती, इंजिनिअरला जोड दिसला. 1987 ला एकलव्य संस्थेनं त्यांचं पहिलं पुस्तक काढलं ते ह्याच काड्यांच्या मॉडेलचं होतं.

मधली वर्षं भरभर सांगतो. केरळात लॉरी बेकर यांच्याबरोबर काम केलं, तेच बेकर जे त्या त्या गावच्या विटामातीत घरं बांधायचे. नंतर पुण्यात नारळीकर सरांनी उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत 2003 ते 2014 मुलांच्या विज्ञान केंद्रात, आणि तिथली मुलांसाठीची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झालेली, तिचं नाव पुलस्त्य. 2018 ला पद्मश्री. शेकडो खेळणी, व्हिडिओ, पुस्तकं, सगळं फुकट मोकळं करून ठेवलंय, मराठीतसुद्धा भरपूर आहे. आणि एक गोष्ट जी मला आजही टोचते, होशंगाबादचा तो कार्यक्रम 2002 ला मध्य प्रदेश सरकारनं बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम. पण काडी आणि नळी कुठल्या आदेशावर अवलंबून नव्हती, ती राहिली.

आता माझी चूक. मी जुलैमध्ये त्यांच्या खेळण्यांतली दहा निवडली आणि लागणाऱ्या सामानाची यादी काढली, व्हॉलट्यूब, काड्यापेट्या, फिल्मरोलच्या डब्या, सेफ्टीपिना, तांब्याची तार, चुंबक वगैरे, आणि यादी खिशात घालून बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलो. पहिल्या सायकलच्या दुकानात मागितली तर तिथले चाचा हसले नाहीत, उलट हातातला पाना खाली ठेवून म्हणले, "सर, व्हॉलट्यूब आता कुठं राहिली. सगळ्या ट्यूबला मोटरसायकलसारखे व्हॉल आलेत. कामून पाहिजे तुम्हाला?" मी सांगितलं तर त्यांनी वरच्या फळीवरचे तीन डबे उचकून एक वितभर तुकडा काढून दिला, उन्हानं वाळलेला, ताणला की तुटायचा. पैसे घेतले नाहीत. काड्यापेटी तर कुठंही मिळते म्हणलं, पण किराणा दुकानात ज्या मिळाल्या त्यात सगळ्या मेणकाड्या, बोटात धरली की वाकते, नळीत जातच नाही. फिल्मरोलची डबी कशाला म्हणतात हे तिथल्या फोटो स्टुडिओतल्या पोराला माहीत नव्हतं, त्याचा जन्मच मोबाईलच्या जमान्यातला.

मग ठिबकची बारीक नळी घेऊन बघितली, ती आमच्याकडं प्रत्येक शेतात पडलेली असते. पण ते प्लास्टिक, रबर नाही. काडी ढिली बसायची, आणि जाड काडी घातली तर नळी वाकायची नाही, जोड ताठ. एका पालकानं सलाईनच्या नळ्या आणून देतो म्हणून सांगितलं, दवाखान्यामागं पडलेल्या. त्याला मी हात जोडून नको म्हणलं. वापरलेली सलाईनची नळी लेकराच्या हातात कधीही द्यायची नाही, कितीही चांगली दिसली तरी.

महिना गेला. शाळेत एक तयार विज्ञान पेटीसुद्धा होती, कधीतरी वरून आलेली, पण ती कपाटात. फुटलं तर भरून कोण देणार म्हणून कुणी काढत नव्हतं, मीही नाही. लेकरांनी तिचं झाकण बघितलेलं, आतलं काही नाही.

बदललं ते पोळ्याला. आमच्याकडं पोळ्याला लेकरं मातीचे बैल करतात आणि बैलाला गाडी करतात ज्वारीच्या धांड्याची. मीही लहानपणी केलीय. कडब्यातला चांगला जाड धांडा निवडायचा, दातानं नाहीतर नखानं त्याची साल सोलून काढायची, सालीला धार असते, बोट कापतं, आत पांढरा हलका गर निघतो. गराचे तुकडे म्हणजे जोड आणि सालीच्या पट्ट्या म्हणजे काड्या. साल गरात टोचली की बसते. त्याच्यातून चष्मा होतो, गाडी होते, बैलाचं जू होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात एका पोरानं आपली गाडी आणली होती, बेंचवर ठेवली होती, आणि मी हजेरी घेता घेता तिच्याकडं बघत राहिलो आणि मला एकदम कळलं की हा जोड माझ्यासमोर पन्नास वर्षं होता. व्हॉलट्यूबच्या जागी गर. काडीच्या जागी साल. आणि मी तालुका पालथा घालत होतो, कारण मी गुप्तांची यादी घेतली होती, त्यांनी होशंगाबादच्या बाजारात केलं ते फिरणं घेतलं नव्हतं. त्यांची यादी 1978 च्या तिथल्या बाजाराची. आमचा बाजार वेगळा, आमचं रान वेगळं, आणि वर्ष पण वेगळं.

त्या दिवशी गणिताचा तास मोडला आणि सगळ्यांना कडबा आणायला सांगितलं. पहिल्यांदा सपाट आकार केले. वितभर लांबीचे धांडे, टोकाला एकावर एक ठेवून बाभळीचा काटा आरपार, म्हणजे बिजागरी तयार. तीन धांड्यांचा त्रिकोण, चार धांड्यांचा चौकोन. चौकोनाला जरा ढकललं की तो लोळतो, पतंगासारखा होतो, सगळ्या बाजू तेवढ्याच लांबीच्या राहतात पण कोन बदलतो. त्रिकोण ढकलून हलत नाही, कितीही जोर लावा, एकतर काटा निघेल नाहीतर धांडा मोडेल. मी विचारलं, चौकोन हलू नये म्हणून काय करता येईल. उत्तर मला पाठ होतं, कर्णावर एक काडी, आणि मी पोरांनी विचार करावा म्हणून गप्प बसलो. मागच्या बेंचवरची एक पोरगी, तीन हंगाम कारखान्यावर काढलेली, वर्गात कधी बोलायची नाही, ती उठून आली आणि एक धांडा तिरका धरून म्हणली, "सर, कोपीला लावतेत तसं तिरकं लावा की. नाहीतर वाऱ्यानं कोपी बसती." आणि तिनं सांगितलं की बाप पहिल्या दिवशी बांबू रोवतो, वर चटया आणि पाचट टाकतो, पण तिरका बांबू लावल्याशिवाय रात्री आत झोपू देत नाही.

मी त्या तासाला फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळे बाहेर नेले आणि शिवारातून गेलेल्या विजेच्या टॉवरकडं बघायला लावलं, लांबून, कंपाउंडच्या आतूनच. किती त्रिकोण दिसतात ते मोजा म्हणलं. कुणाचंच मोजून झालं नाही.

घन करायला मात्र गर लागला, काट्यानं तिन्ही दिशा जमत नाहीत. गराचा चौकोनी तुकडा, तीन बाजूंनी तीन साली. उभा राहतो. पण एक मर्यादा सांगतो, गराचं भोक एकदा पडलं की मोठं होतं, काढून परत बसवली तर साल ढिली होते. रबरात शंभरदा काढा-घाला चालतं, गरात दोनदा. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

दसऱ्याच्या आधी मला मोटर करायची होती, कारण जाणाऱ्या 19 जणांच्या हातात हलणारं काहीतरी द्यायचं होतं. गुप्तांची ती साधी मोटर खूप जणांनी बघितली असेल, एक टॉर्चचा सेल, त्यावर चुंबक, दोन्ही टोकांना सेफ्टीपिना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं दाबून बसवलेल्या, आणि पिनांच्या भोकात फिरणारं तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक बिघडलेल्या स्पीकरमधून निघतो. सायकलची ट्यूब मिळते, व्हॉल बदलला तरी ट्यूब रबराचीच आहे. राहिली तार. तारेसाठी मी यावेळी यादी घेऊन गेलो नाही, आधी विचार केला की आमच्याकडं तांब्याची तार कुठं असते. तर जळालेल्या मोटरीत. विहिरीवरची मोटर दर उन्हाळ्यात जळते आणि तालुक्याला रिवाइंडिंगची दुकानं ओळीनं आहेत.

जळालेल्या मोटरीतली तार फुकट मिळाली, सेलवरच दहा-बारा वेढे गुंडाळून वेटोळं केलं, टोकं ब्लेडनं खरवडली, लावलं, आणि काही नाही. सेल मात्र तापला. दुसरं केलं, तेच. चौदा वेटोळी झाली आणि एकही फिरेना, लेकरं माझ्याकडं बघायची आणि मी वेटोळ्याकडं. परत गेलो दुकानात. वाइंडिंगवाला भाऊ दहावीपर्यंत शिकलेला, त्यानं वेटोळं हातात घेतलं, नखानं तार कुरतडली आणि म्हणला, "सर, हिचं इनॅमल जळालंय. वेढा वेढ्याला चिकटला की शॉर्ट." इनॅमल म्हणजे तारेवरचा करंट अडवणारा पातळ थर. तो जळाल्यामुळं करंट दहा वेढ्यांतून फिरत जायच्या ऐवजी मधूनच निघून जात होता. त्यानं नव्या तारेचे उरलेले तुकडे दिले, असे तुकडे त्याच्याकडं रोज पडतात.

नव्या तारेनं वेटोळं हललं, पण फिरलं नाही, नुसतं पाळण्यासारखं डोलायला लागलं. आणि इथं प्रकरणातलं सगळ्यात चांगलं विज्ञान होतं. आम्ही टोकं पूर्ण गोल खरवडली होती. तसं केलं की करंट सतत चालू राहतो, वेटोळं अर्धं फिरलं की चुंबकाचा धक्का उलटा बसतो आणि ते मागं येतं. एका बाजूचं इनॅमल तसंच ठेवायचं असतं, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात धक्का, अर्ध्या फेऱ्यात करंट बंद, आणि वेगाच्या जोरावर वेटोळं पुढं जाऊन परत धक्क्याला येतं. झोक्यासारखं, प्रत्येक वेळी योग्य जागी आलं की ढकलायचं, मध्येच धरायचं नाही. मी हे सांगितलं नाही, एक वेटोळं पूर्ण खरवडलेलं आणि एक अर्धं खरवडलेलं शेजारी ठेवलं आणि काय फरक आहे ते शोधा म्हणलं. सव्वा तास लागला. पहिलं वेटोळं फिरलं तेव्हा वर्गात जो आवाज झाला त्यावर शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या आणि तिथंच थांबल्या.

19 जण गेले. प्रत्येकाबरोबर एक मोटर, थोडी तार आणि काट्यांची पुडी.

निकाल जसा आहे तसा लिहितो. चाचणीच्या मार्कांत मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. राहिलेल्या 14 जणांची हजेरी आधीही बरी होती. पाडव्यानंतर लेकरं परत आली तेव्हा मोटरींची चौकशी केली तर बहुतेकांचे सेल आठवड्यातच गेले होते, कारण ह्या वेटोळ्यात सेल लवकर उतरतो आणि वेटोळं अडकलं तर तापतो सुद्धा, आणि कारखान्यावर नवा सेल कोण घेऊन देणार. हे मला आधी कळायला पाहिजे होतं. तारेनं कुणाची तरी बादलीची कडी बांधली होती.

पण तिरका बांबू सांगणाऱ्या त्या पोरीनं पिशवीतून एक घन काढला. कारखान्याकडं ज्वारी नव्हती, म्हणून तिनं उसाच्या तुऱ्याच्या काड्या घेतल्या होत्या, हलक्या आणि एकदम सरळ. आणि जोडाला गर नव्हता तर तुटलेल्या स्लिपरच्या तळव्याचे तुकडे. मी तो घन हातात घेऊन एक काडी काढली, परत घातली. घट्ट. परत काढली, परत घातली. तेवढीच घट्ट. मी विचारलं हे कसं सुचलं, तर म्हणली, "गर लवकर ढिला व्हायचा ना सर, मग रबरासारखं काय हे ते बघत होते."

आता आम्ही तेच वापरतो. मऊ स्पंजची स्लिपर पाहिजे, ती कडक प्लास्टिकची चालत नाही, काडी आत जात नाही. आधी साबणानं धुवायची, वाळवायची, मग मोठ्या माणसानं ब्लेडनं बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, आणि भोक आधी बाभळीच्या काट्यानं पाडून मग काडी घालायची म्हणजे काडी मोडत नाही. एका स्लिपरमध्ये दोन-तीन घनांचे जोड आरामात निघतात. गावात तुटकी स्लिपर कुठं पडलेली दिसली की आता लेकरं शाळेत घेऊन येतात, व्हरांड्यात त्यांची एक पाटी भरून ठेवलीय.